शेवटच्या बाकावरचा टेपरेकॉर्डर

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला सांगितलंत, की तुमच्या कॉलेजात प्रत्येक तास रेकॉर्ड होतो आणि तो तुम्ही नंतर घरी बसून दुप्पट वेगाने ऐकता. मग धाकट्याने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असलं काही होतं का?" मी नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की हे उत्तर चुकलं. आमच्याकडेही तास रेकॉर्ड व्हायचा. एकाच माणसाचा व्हायचा, आणि तोही उलट्या बाजूने.

क्रमाने सांगायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. पण हे गृहस्थ क्रमात बसणारे नव्हते, तेव्हा आठवतील तसे सांगते.

नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. कॉलेज नवीन होतं. एका मजल्यावर वर्ग चालायचे आणि वरच्या मजल्यावर सिमेंट कालवलं जायचं. समोरच्या रस्त्याने तुर्भ्याच्या कारखान्यांचे ट्रक दिवसभर जात. आमची मुलं दोन प्रकारची होती. निम्मी नव्या सोसायट्यांमधली. त्यांचे आईवडील मुंबईत नोकरीला, शिक्षण इंग्रजी शाळेत. ती पुढच्या बाकांवर बसायची. उरलेली निम्मी खाडीकाठच्या गावांमधली, ज्यांच्या शेतांवर या सोसायट्या उभ्या राहिल्या त्या घरांमधली. त्यांचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत. ती मागे बसायची. तिथे बसा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण शास्त्र विषय इंग्रजीतूनच शिकवायचे असा दंडक होता, आणि पहिल्या आठवड्यातच जो तो आपापल्या जागी जाऊन बसे.

ते गृहस्थ म्हणजे आमचे सर. ते रसायनशास्त्र शिकवायचे. मूळचे कोल्हापूरकडचे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशावर कायम शाईचा डाग. त्यांच्या एका हातात डबा असायचा आणि दुसऱ्या हातात टेपरेकॉर्डर. टेपरेकॉर्डरला त्यांच्या पत्नीने जुन्या परकराच्या कापडाचा अभ्रा शिवला होता, आणि अभ्र्याच्या आत तांदळाची पुरचुंडी ठेवलेली असे. आमच्याकडची हवा इतकी दमट, की यंत्रांना आठ महिने ओल धरायची. पुरचुंडीतले तांदूळ ती ओल पितात असं त्यांचं म्हणणं. महिन्याने ते तांदूळ बदलून जुने ते कावळ्यांना घालायचे. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं होतं, सरांच्या कावळ्यांना विजेची चव कळत असणार.

त्यांचं दुसरं यंत्र म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर. तुम्ही तो पाहिला नसेल. खाली दिवा, वर काच. काचेवर पारदर्शक कागद ठेवायचा, की त्यावर लिहिलेलं भिंतीवर मोठं दिसतं. यंत्र कॉलेजने घेतलं होतं, पण पारदर्शक कागद महाग म्हणून ते कपाटातच पडून होतं. सरांच्या पत्नी तुर्भ्याच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. तिथले जुने, टाकून दिलेले एक्स-रे त्या आणायच्या. सर ते प्रयोगशाळेत ब्लीचमध्ये भिजवून घासायचे. काळा थर निघून जायचा आणि निळसर, आरपार दिसणारी फिल्म हाती यायची. मग त्या फिल्म्स बेसिनवर दोरी बांधून चिमट्यांनी वाळत घातलेल्या दिसायच्या, घरात हातरुमाल वाळत घालतात तशा.

काही फिल्म्स मात्र पुरत्या साफ व्हायच्या नाहीत. भिंतीवर बेंझिनचं षट्कोनी कडं उमटायचं आणि त्याच्या मागे कोणाच्या तरी बरगड्या अंधुक दिसायच्या. मुलांनी त्या बरगड्यांना नाव ठेवलं होतं, 'छातीवाले काका'. काका आले की वर्गात हशा पिकायचा. सर रागवायचे नाहीत. म्हणायचे, "हसा की. त्या माणसाचं दुखणं बरं झालं असेल म्हणून तर फिल्म टाकली." हे खरं की त्यांनी केलेली समजूत, देव जाणे. पण परीक्षेत बेंझिन कोणी चुकायचं नाही.

टेपरेकॉर्डरचं असं होतं. तास सुरू व्हायच्या आधी सर वर्गाच्या मागच्या टोकाला जायचे, यंत्र शेवटच्या बाकावर ठेवायचे, लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायचे, मग पुढे येऊन शिकवायला लागायचे. बाकीचे शिक्षक विचारायचे, अहो, तुमचा आवाज रेकॉर्ड करायचा तर यंत्र टेबलावर ठेवा ना. सर म्हणायचे, "माझा आवाज मला पाठ आहे. वर्ग काय करतो ते ऐकायचं आहे."

संध्याकाळी घरी जाऊन ते खरंच वर्ग ऐकायचे. एकदा मी काही पुस्तक द्यायला त्यांच्या नेरुळच्या फ्लॅटवर गेले होते. एक खोली आणि स्वयंपाकघर. सर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. समोर टेप चालू होता. त्यातून बाक सरकल्याचे आवाज, ट्रकचा हॉर्न, दूरवर सरांचं इंग्रजी आणि जवळ खूप सारं खोकणं. त्यांच्या पत्नी भाजी निवडत होत्या. मधेच मान वर करून त्या म्हणाल्या, "हा सर्दीचा." थोड्या वेळाने, "हाही सर्दीचा, पण औषध घ्यायला पाहिजे याने." मग एकदम तिघा-चौघांचं खोकणं आलं. त्या हसल्या. "हा घशाचा नाही हो. हा कंटाळ्याचा."

सरांनी ताबडतोब टेप थांबवला, मागे घेतला, आणि त्या वेळी आपण काय शिकवत होतो ते पुन्हा ऐकलं. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा शिकवला.

"आमच्याकडे टीव्ही कमी आणि वर्ग जास्त चालतो," मला चहा देताना त्या म्हणाल्या. पण तक्रारीचा सूर नव्हता.

कोऱ्या कॅसेटी विकत घेणं सरांना उधळपट्टी वाटे. सगळ्यांच्या घरच्या जुन्या कॅसेटी ते मागून आणायचे. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या खाचा असत. तिथला प्लास्टिकचा तुकडा मोडलेला असला, की त्यावर नवं काही भरता येत नसे. सर त्या खाचांवर औषधाच्या पट्टीचा तुकडा चिकटवायचे आणि खुशाल भरायचे. त्यामुळे सरांच्या तासाच्या शेवटी हटकून कुठलीतरी आरती सुरू व्हायची, नाहीतर एखादे बुवा मायेचं स्वरूप समजावत असायचे. पुढे मुलांनाही त्यांनी हाच नियम घातला. ज्याला तास पुन्हा ऐकायचा असेल त्याने घरची जुनी कॅसेट आणावी, सर त्यावर तास उतरवून देतील. गोष्ट घडली ती या नियमामुळेच.

मधल्या काळात कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला. प्राचार्यांनी त्याच्यासाठी वातानुकूलित खोली केली, दाराबाहेर चपला काढायची पाटी लावली आणि आम्हा सगळ्यांना दर्शनाला नेलं. होय, दर्शनच. प्राचार्य भले गृहस्थ होते, कॉलेजचं नाव व्हावं अशी त्यांना फार हौस. त्यांनी सरांना विचारलं, आता हे आल्यावर तुमचं ते टेपचं प्रकरण बंद करायला हरकत नाही ना? सर मोजे घातलेल्या पायांनी त्या यंत्राभोवती फिरले, प्लास्टिकचं आवरण उचलून आत डोकावले. म्हणाले, "चांगलं आहे. पण हे मुलांचं ऐकतं का?" प्राचार्यांना तो टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

एके दिवशी सकाळी सर स्टाफरूममध्ये आले आणि चहा न घेता माझ्यासमोर येऊन बसले. चहा न घेता ते कधी बसत नसत.

"मॅडम, हे ऐका," म्हणून त्यांनी टेप लावला.

आदल्या दिवशीचा तास होता. विषय रासायनिक समतोल. काही रासायनिक क्रिया पुढे आणि मागे अशा दोन्ही बाजूंना सारख्याच वेगाने चालू असतात. म्हणून बाहेरून पाहिलं तर वाटतं, सगळं थांबलेलं आहे. मी इंग्रजीची बाई, मलाही ते सरांच्या तोंडून ऐकताना कळेना. सरांचा आवाज लांबून येत होता. यंत्राच्या अगदी जवळून एका मुलीचा दबका आवाज येत होता. सरांचं एक वाक्य झालं, की तिचं एक.

"ये बग. हलदीची पंगत बसलीय नं? जेवरी उठतान तेवरीच नवी बसतान. पंगत भरलेलीच दिसते, पन मानसा तीच नसतान. तसाच यो. आत काम चालूच हाय, भायेरशी बगला तं थांबल्यावानी दिसतं."

दुसऱ्या मुलीचा आवाज, "मंग थांबतं कदी?"

"मटन सपला का थांबतं. गप, सर काय बोलतान बग."

सरांनी टेप बंद केला. त्यांचे डोळे चमकत होते. "माझ्या वर्गात दोन तास चालतात मॅडम. पुढच्या बाकांसाठी माझा, आणि मागच्या चार बाकांसाठी हिचा. वर्ष झालं असेल. मला पत्ता नाही."

ती मुलगी मला ठाऊक होती. माझ्या तासालाही शेवटच्या बाकावर बसायची, उत्तर विचारलं की उभी राहून खाली बघायची. तिच्या वडिलांची जमीन वसाहतीत गेली होती. त्यांनी चाळ बांधून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. त्यांच्या घरातून बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच.

सरांनी तिला काही म्हटलं नाही. बोलणं थांबवलं नाही की कौतुकही केलं नाही. त्यांना भीती वाटली, की आपण बोललो तर ती गप्प होईल. त्यांनी एवढंच केलं, की यंत्र बाकाच्या थोडं आणखी उजवीकडे, तिच्या कोपराजवळ ठेवायला सुरुवात केली. आणि त्या तासाच्या कॅसेटी उतरवून मुलांना द्यायला लागले. वर छान अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: रसायनशास्त्र, समतोल, आणि खाली सरांचं नाव. मागच्या बाकांवर ती कॅसेट हातोहात गेली. मग पुढच्या बाकांवरचेही मागायला लागले. सोसायटीतली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, ते पंगतवालं ऐकलं ना, एकदम क्लिअर झालं. टेन्शनच गेलं."

आता हळदीचं सांगते. आमच्याकडच्या गावांमध्ये लग्नापेक्षा हळद मोठी. सगळा गाव जेवायला, मांडवात पंगतीमागून पंगती, आणि खांबावर भोंगा लावून हळदीची गाणी. गाणी कॅसेटवरची. मागच्या बाकावरच्या एका मुलाने तास उतरवून घ्यायला घरातली हळदीच्या गाण्यांचीच कॅसेट दिली होती. कॅसेटवर छापलेला नवरानवरीचा कागद काही निघाला नाही, म्हणून सरांनी आपली चिठ्ठी दुसऱ्या बाजूला लावली होती; तास मात्र दोन्ही बाजूंना भरलेला होता. त्या मुलाच्या बहिणीची हळद होती. आत्याने घरातल्या कॅसेटी गोळा करून भोंगेवाल्याला दिल्या. त्याने नवरानवरीचं चित्र बघून ती लावली, आणि तो जेवायला बसला.

पहिल्यांदा बाकांची खडखड. मग लांबून इंग्रजी. मांडवातल्या लोकांना वाटलं, काहीतरी बिघडलं. आणि मग साऱ्या गावावरून, खाडीपर्यंत, त्या मुलीचा आवाज घुमला: हलदीची पंगत बसलीय नं? खाली पंगत बसलेलीच होती. लोकांनी हातातले घास तसेच धरून इकडेतिकडे पाहिलं. मटणाबद्दलचं वाक्य आलं तेव्हा मांडव हसून फुटला. आवाज कोणाचा ते अख्ख्या गावाला कळलं. ती मुलगी वाढपात होती. हातातलं भांडं खाली ठेवून ती मागच्या दाराने घरी गेली.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी मुलांनी सांगितलं. हसत सांगायला लागली आणि सांगता सांगता गप्प झाली, कारण ती मुलगी कॉलेजात आली नव्हती. त्यानंतरही आली नाही. तिच्या चुलत्याने भर मांडवात म्हटलं होतं, की कॉलेजातला मास्तर आपल्या पोरींचे आवाज भरून घरी नेतो, आता शिकणं पुरे. खाडीपलीकडच्या मोरा बाजूचं एक स्थळही त्याने काढलं होतं.

सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डरवर हात ठेवला. म्हणाले, "घरी नेतो हे खरंच आहे की." मी म्हटलं, अहो, त्यांना म्हणायचं आहे ते वेगळं आणि तुम्ही करता ते वेगळं. त्यांनी मान हलवली. "तिला विचारलं होतं का मी? एवढं सगळ्यांचं ऐकलं, पण विचारलं कोणाला?"

त्या आठवड्यात यंत्र अभ्र्यातून बाहेर निघालं नाही.

मग एका दुपारी मुलीचे वडील आणि चुलता कॉलेजात आले. प्राचार्यांनी घाईने मला बोलावून घेतलं. अशा वेळी एखादी बाई माणूस हजर असलेली बरी, असं त्यांचं मत. वडील शांत, पांढरा शर्ट, हातात टोपी. चुलता तरुण, खुर्चीच्या टोकावर बसलेला. सर उभेच होते. प्रकरण वर गेलं तर सरांची नोकरीही अडचणीत येणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण सर विचार करत होते तो वेगळाच. आत येताना ते मला हळूच म्हणाले होते, "ती परत आली पाहिजे. बाकी काय व्हायचं ते होऊ दे."

प्राचार्यांनी दिलगिरीचं लांबलचक भाषण केलं. ते संपायची वाट न बघता चुलता म्हणाला, "सोयरे आल्ते हलदीला. पोरीचा आवाज भोंग्यावर. लोकांना आमी काय सांगाचा?"

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "तिची काहीच नाही. तिला माहीतच नव्हतं. मी विचारायला पाहिजे होतं."

"आथा इचारून काय उपेग."

प्राचार्यांनी तोडगा काढला. सगळ्या कॅसेटी गोळा करून पुसून टाकू. सरांनी पिशवीतून कॅसेटी काढून टेबलावर ठेवल्या. परत मिळाल्या होत्या तेवढ्या सगळ्या.

वडिलांनी एक कॅसेट उचलली, हात लांब करून वाचायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे दिली. "बाई, काय लिवलाय ते वाचा."

मी वाचलं. रसायनशास्त्र, समतोल. खाली सरांचं नाव.

"आनि?"

"एवढंच आहे."

"हिचा नाव कया हाय?"

कया म्हणजे कुठे. मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

वडील सरांकडे वळले. "मास्तर, बोलते ती. मी पंगतीन बसलो व्हतो, मना पन समजला ती काय बोलते. नि चिठ्ठीवर नाव तुमचा?"

"दादा," चुलता खालच्या आवाजात म्हणाला, "नाव टाकून गावभर कराचा काय?"

"गावभर झालाच हाय. बिननावाचा झालाय, तो वायट." वडील त्याच्याकडे न बघता बोलत होते. "बिननावाचा आवाज आसला का कोनी पन काय पन बोलतं. नाव आसल तं मी सांगन, कालेजानं घेतलाय, शिकवाला घेतलाय. मंग कोन बोलतं ते बगू."

चुलता खुर्चीत मागे सरकला. प्राचार्य नियमांबद्दल काही बोलू लागले. विद्यार्थ्याचं नाव कॉलेजच्या साहित्यावर घालायची पद्धत नाही, वगैरे. सरांनी त्यांना मधेच थांबवलं. असं ते कधी करत नसत. म्हणाले, माझं नाव काढून टाका, मग ते कॉलेजचं साहित्य राहत नाही.

"काराचा कनाला?" नाव काढायचं कशाला, असं वडील म्हणाले. "राहू द्या तुमचा पन. खालती."

सर हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. लगेच खिशातलं पेन काढून चिठ्ठी लिहायला बसतील असं मला वाटलं. पण ते तसेच उभे राहिले. "दादा, नाव घालतो. पण आधी तिला विचारतो."

"मी सांगतो ना. मी बाप हाय तिचा."

"तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. पण आवाज तिचा आहे. आता पुन्हा तिला न विचारता काही केलं, तर परत तीच चूक होईल माझी."

वडिलांचा चेहरा क्षणभर कठीण झाला. प्राचार्यांनी माझ्याकडे हताशपणे पाहिलं. जमलेलं सगळं हा माणूस आता मोडणार असं आम्हा दोघांनाही वाटलं. वडिलांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग ते उठले आणि दारापाशी जाऊन म्हणाले, "उद्या येल ती. इचारा."

ती पुढे बीएस्सी झाली. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत तोच विचार करत बसाल. मोऱ्याच्या स्थळाचं काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यासाठी मला आधी तिला शोधून विचारायला हवं, आणि ती आता कुठे असते मला ठाऊक नाही. सरांनी मला तेवढी शिस्त लावली आहे.

पण मला सांगायचं आहे ते वडील येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. प्राचार्यांनी अट घातली होती, की टेप चालू असेल तेव्हा एक प्राध्यापिका वर्गात बसेल. ती प्राध्यापिका मीच. म्हणून त्या दिवशी मी पर्स मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसले. ती माझ्या शेजारी होती. वेणी घट्ट घातलेली, नजर खाली.

सर यंत्र घेऊन मागे आले. अभ्रा काढला, यंत्र बाकावर ठेवलं. मग तिच्यापुढे जरा वाकून, जसं आमच्याशी बोलायचे तसंच, त्यांनी तिला विचारलं, की जुन्या कॅसेटींवर तुझं नाव घालू का. तिने मान हलवली. बोल की, सर म्हणाले. "घाला," ती म्हणाली. पुढच्या बाकांवरचे सगळे वळून पाहत होते, पण कोणी हसलं नाही.

सरांनी दोन बोटं दोन बटणांवर ठेवली. आणि ती दाबायच्या आधी, त्यांच्या इतक्या वर्षांच्या सवयीत पहिल्यांदाच, ते थांबले. "आज चालू करू का?"

सगळ्यांना वाटलं, ती पुन्हा मान हलवेल. वरच्या मजल्यावरून गवंड्याच्या थापीचा आवाज येत होता. तिने यंत्राकडे पाहिलं.

"आज नको, सर."

"बरं," सर म्हणाले. त्यांनी बोटं उचलली. मला वाटलं, ती घाबरली, आणि मला फार वाईट वाटलं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"मी यांना सांगते नं, तवा तुमचा मना अर्धाच आयकू येतं. म्होरला वाक्य जातं निगून. आज मना निस्ता आयकाचा हाय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग मागच्या चारही बाकांकडे, एकेका चेहऱ्याकडे. या मुलांना समजत नाही हे त्यांना खोकल्यांवरून कळलं होतं. ती कशी समजून घेतात हे टेपवरून कळलं होतं. जी समजावून सांगते तिचं स्वतःचं ऐकायचं राहून जातं, हे मात्र कुठल्याही यंत्राने त्यांना सांगितलं नव्हतं. ते यंत्राला पुन्हा अभ्रा घालू लागले. नाडी त्यांना नीट बांधता येईना. शेवटी मी बांधून दिली.

मग ते पुढे गेले, आपली खुर्ची उचलली आणि बाकांमधल्या वाटेने ती मागे आणून आमच्या बाकाशेजारी ठेवून बसले. "समतोल," ते म्हणाले. "पहिल्यापासून. आणि मराठीतून." दंडक मोडला जात होता, आणि त्यासाठीच की काय साक्षीदार म्हणून मी तिथे बसलेली होते. पुढच्या बाकांवरच्या मुलांना सर दिसेनात. आधी दोघं वळले, मग सगळी रांग, मग सगळा वर्ग बाकांवर पाय घेऊन मागे तोंड करून बसला.

सर हळूहळू बोलत होते. कोल्हापूरची मराठी, मधेच एखादा इंग्रजी शब्द, मधेच खाडीकडचा, चुकीचा उच्चारलेला. मागच्या बाकांवर हसू फुटलं, की ते थांबून नीट कसं म्हणतात ते विचारायचे. मी रसायनशास्त्र सोडून शेजारी पाहत होते. ती हाताची घडी घालून ताठ बसली होती. सरांचं एक वाक्य झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. तिचे ओठ हलत नव्हते.